यंत्र आले, दुरुस्तीचे काय?

'राष्ट्रीय तंत्रविज्ञान धोरण' हे शब्द कानावर पडले की डोळ्यांपुढे दिल्लीतील मोठ्या इमारती, जाडजूड अहवाल आणि मंत्र्यांची भाषणे येतात. त्याच्याशी आपला काय संबंध, असे तुम्हांला वाटणे साहजिक आहे. परंतु या धोरणाचा एक तुकडा तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतील कपाटात ठेवलेला असतो. ते कपाट बहुधा कुलूपबंद असते. आत एक-दोन सूक्ष्मदर्शक, काटा अडकलेला गॅल्व्हानोमीटर, पारा तुटलेला तापमापक आणि कधी काळी योजनेतून आलेला, आता चालू न होणारा संगणक असतो. ही सर्व यंत्रे कोणीतरी निवडली, कोणीतरी त्यांचे पैसे दिले, आणि ती बिघडल्यावर काय करायचे हे मात्र कोणीच ठरवले नाही.

माझे मत मी आरंभीच सांगून टाकतो. शिक्षण आणि संशोधन यांसाठी यंत्रे मिळवण्याचा विचार आपल्या देशाने वेळोवेळी बऱ्यापैकी केला. ती चालती ठेवण्याचा विचार फार थोड्या ठिकाणी झाला. आणि जेथे तो झाला, तेथेच खरे विज्ञान रुजले.

धोरणांची कागदोपत्री उणीव आपल्याला कधीच नव्हती. १९५८ साली लोकसभेपुढे विज्ञानविषयक धोरणाचा ठराव आला. १९८३ मध्ये तंत्रविज्ञान धोरणाचे निवेदन प्रसिद्ध झाले, त्यात स्वावलंबनावर भर होता. पुढे २००३ आणि २०१३ मध्ये नवी धोरणे आली. शिक्षणाची म्हणून १९६८, १९८६ आणि २०२० ची धोरणे वेगळीच. यांतील भाषा उत्तम आहे. ती वाचताना मान डोलावी असेच वाटते. म्हणून कागद बाजूला ठेवून प्रत्यक्ष काय घडले ते पाहू.

१९७५ सालच्या ऑगस्टमध्ये आपल्या देशात एक मोठा प्रयोग सुरू झाला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह एका वर्षासाठी आपल्याला वापरायला मिळाला होता. त्यावरून सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम थेट पोचवायचे होते: सकाळी शाळेतील मुलांसाठी दीड तास, संध्याकाळी सर्व गावासाठी अडीच तास. 'साइट' या नावाने तो प्रयोग ओळखला जातो. उपग्रह उसना होता. पण गावातला संच आणि त्याचा अँटेना आपला होता. हा अँटेना म्हणजे तीन मीटर व्यासाची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची एक मोठी परात होती.

जाळीला तर भोके असतात. मग लहरी त्यातून निसटून जात नाहीत काय? येथे थोडे गणित करून पाहा. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरींची वारंवारता ८६० मेगाहर्ट्झ होती. प्रकाशाच्या वेगाला या संख्येने भागले की तरंगलांबी मिळते, ती येते सुमारे ३५ सेंटिमीटर. जाळीची भोके तरंगलांबीच्या मानाने बरीच लहान असली, की लहरींच्या दृष्टीने ती जाळी नसतेच. तो अखंड पत्राच असतो. म्हणजे महाग, जड, घडवायला कठीण अशा पत्र्याच्या तबकडीची येथे गरजच नव्हती. दहावीत शिकलेले तरंगलांबीचे सूत्र नीट समजलेल्या माणसाने देशाचे पैसे वाचवले, असे म्हणावयास हरकत नाही.

पण मला 'साइट'मधली याहूनही महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. संच गावात पोचवण्यापूर्वीच ते बिघडणार हे गृहीत धरले होते. त्यांच्या दुरुस्तीची केंद्रे, दुरुस्त करणारी माणसे, वीज नसलेल्या गावांसाठी बॅटरीची सोय आणि गावात संचाची जबाबदारी घेणारी व्यक्ती या सगळ्याची आखणी त्या योजनेचाच भाग होती. १९७६ च्या जुलैअखेर वर्ष संपले आणि उपग्रह परत गेला. मात्र तो चालवताना शिकलेली माणसे येथेच राहिली, आणि पुढे १९८३ मध्ये इन्सॅट-१ बी कामाला लागला तेव्हा ती उपयोगी पडली.

आता याच जाळीच्या मागोमाग जरा दक्षिणेकडे जाऊ. उटकमंडच्या डोंगरात १९७० साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी एक रेडिओ दुर्बीण उभी केली. लांबी ५३० मीटर, रुंदी ३० मीटर. तिचा आरसा म्हणजे लांबीच्या दिशेने ताणलेल्या पोलादाच्या ११०० बारीक तारा! परंतु खरी गंमत जागेच्या निवडीत आहे. आकाशातील तारा उगवतो, सरकतो, मावळतो, कारण पृथ्वी स्वतःभोवती फिरते. दुर्बिणीने ताऱ्याचा पाठलाग करायचा तर तिला एकाच वेळी दोन दिशांना हलवणारी गुंतागुंतीची यंत्रणा लागते; पण दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर असला, तर फक्त एकाच आसाभोवती, घड्याळाच्या काट्यासारखी, ती सावकाश फिरवली की पुरते. उटकमंडचा अक्षांश सुमारे ११ अंश. म्हणून या मंडळींनी उत्तर-दक्षिण दिशेने नेमका ११ अंशांचा उतार असलेली टेकडी शोधून काढली आणि त्या उतारावर दुर्बीण आडवी घातली. म्हणजे निम्मे काम टेकडीनेच करून टाकले. मोठे, श्रीमंत देश जेथे मोटारी आणि गिअर लावतात, तेथे यांनी भूगोल लावला.

हा अनुभव हाताशी असल्यामुळेच पुढे पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळच्या खोडद येथे, त्याहून मोठे काम उभे राहिले. तेथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत, म्हणजे जीएमआरटीत, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. चौदा तबकड्या सुमारे एक चौरस किलोमीटरात, उरलेल्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन बाहूंवर दूरवर, असा २५ किलोमीटरचा पसारा आहे. तबकड्या पुन्हा तारेच्या जाळीच्याच, दोऱ्यांवर ताणून बसवलेल्या. या जाळीतून वारा आरपार जातो. ४५ मीटर व्यासाचा भरीव पत्रा वाऱ्यात टिकवायचा तर केवढा प्रचंड सांगाडा लागेल, विचार करा! जाळीमुळे सांगाडा हलका झाला, मोटारी लहान झाल्या आणि खर्च आवाक्यात आला. ही दुर्बीण २००२ पासून जगभरच्या निरीक्षकांसाठी खुली आहे. तिच्या सर्व भागांची सुधारणा नंतर येथेच झाली, आणि २०२३ च्या जूनमध्ये अत्यंत कमी वारंवारतेच्या गुरुत्वलहरींचा पुरावा जगातील निरनिराळ्या गटांनी मांडला, त्या कामात तिच्या निरीक्षणांचाही वाटा होता. गोविंद स्वरूप २०२० मध्ये पुण्यातच निवर्तले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांना यंत्र उघडून आतले बदलण्याची भीती वाटत नाही. माझ्या मते त्यांची सर्वांत मोठी कमाई हीच होय.

आता दुसरी बाजू पाहा. १९८४-८५ साली केंद्र सरकारने शाळांमध्ये संगणक नेण्याची 'क्लास' नावाची योजना सुरू केली. पहिल्या वर्षी २४८ शाळा निवडल्या, पुढे ही संख्या दोन हजारांवर गेली. संगणक होते ब्रिटनमधील बीबीसी मायक्रो. त्यांची स्मृती ३२ किलोबाइट होती. आजच्या साध्या मोबाइलवरचे एक छायाचित्रही तीत मावणार नाही. त्या काळाच्या मानाने यंत्र चांगलेच होते, आणि अनेक मुलांचा हात पहिल्यांदा कळफलकाला लागला तो या योजनेमुळेच. हे श्रेय तिला दिले पाहिजे. परंतु आरंभी त्याबरोबर आलेले बरेच शैक्षणिक कार्यक्रम ब्रिटिश शाळा डोळ्यांपुढे ठेवून केलेले होते, शिक्षकांचे प्रशिक्षण थोडक्यात आटोपले होते, आणि सुटे भाग मिळवणे शाळेच्या हाती नव्हते. काही वर्षांत हे यंत्र बाजारातूनच मागे पडले. मग शाळेत उरले काय? वर प्लॅस्टिकचे आच्छादन घातलेले एक टेबल.

येथे कोणी म्हणेल, यंत्र परदेशी होते म्हणून असे झाले. स्वदेशी असते तर टिकले असते. इतके सोपे ते नाही. २० सप्टेंबर २००४ रोजी आपल्याच अग्निबाणाने आपलाच एज्युसॅट हा खास शिक्षणासाठी बांधलेला उपग्रह अवकाशात नेला. उपग्रहाने २०१० पर्यंत काम केले. अडचण आकाशात नव्हती, जमिनीवर होती. गावोगावची ग्रहणकेंद्रे उभी राहायला वेळ लागला, उभी राहिलेली बंद पडली, आणि काही चालू केंद्रांपुढे बसायला वर्गच नव्हता, कारण तासिकेची वेळ आणि प्रक्षेपणाची वेळ जुळत नव्हती. 'साइट'च्या वेळी उपग्रह उसना होता आणि जमिनीवरची व्यवस्था आपली होती. एज्युसॅटच्या वेळी उपग्रह आपला आणि जमिनीवर मात्र कोणीच नाही! २०११ साली विद्यार्थ्यांसाठी सुमारे सव्वादोन हजार रुपयांचा 'आकाश' हा टॅब्लेट मोठा गाजावाजा करून आला. त्याची किंमत किती कमी, याचीच चर्चा सर्वत्र झाली. तो बिघडला तर तालुक्याच्या गावी कोण दुरुस्त करील, असे विचारल्याचे माझ्या तरी वाचनात आले नाही.

मी भौतिकशास्त्राचा शिक्षक आहे, तेव्हा हिशेब केल्याशिवाय मला राहवत नाही. समजा, एखाद्या तालुक्यातील शाळांना मिळून १०० संगणक दिले. हे आकडे मी केवळ उदाहरणासाठी घेतो आहे. दरवर्षी चालू असलेल्यांपैकी १५ टक्के बिघडतात आणि दुरुस्ती होतच नाही असे धरा. पहिल्या वर्षाअखेर ८५ उरतील, मग ७२, मग ६१, मग ५२, आणि पाचव्या वर्षाअखेर ४४. किरणोत्सारी पदार्थाच्या ऱ्हासाचे सूत्र तुम्ही शिकला असाल किंवा शिकाल. तेच येथे लागू पडते. या संगणकांचे अर्धायुष्य निघते सव्वाचार वर्षे. आता समजा, त्याच तालुक्यात दुरुस्ती जाणणारा एकच कारागीर आहे आणि तो बिघडलेल्या तीनांपैकी दोन संगणक चालू करतो. म्हणजे प्रत्यक्ष घट दरसाल १५ ऐवजी ५ टक्के. अर्धायुष्य किती होते? साडेतेरा वर्षे! संगणक तेच, त्यांवरचा पहिला खर्च तोच. फरक एका माणसाच्या पगाराचा आणि थोड्या सुट्या भागांचा. नवे संगणक घेण्याच्या बातमीबरोबर छायाचित्र छापून येते. दुरुस्तीच्या खर्चाची बातमी होत नाही. म्हणून की काय, अंदाजपत्रकात पहिला आकडा मोठा असतो आणि दुसरा शोधावा लागतो.

याला जोडून शाळेतील एक चमत्कारिक वस्तू सांगितली पाहिजे. ती म्हणजे डेड स्टॉक रजिस्टर. शाळेत आलेले प्रत्येक उपकरण त्यात लिहावे लागते. ते फुटले, हरवले, तर ज्याच्या ताब्यात होते त्याने उत्तर द्यायचे. आणि निकामी झालेली वस्तू नोंदीतून काढायची तर निर्लेखनाचे सोपस्कार इतके, की वस्तू कपाटातच पडू दिलेली बरी. १९८७ मध्ये सुरू झालेल्या 'खडू-फळा' मोहिमेत प्राथमिक शाळांना विज्ञानपेटी आणि हत्यारांची छोटी पेटीही देण्यात आली होती. कल्पना किती चांगली! पण कित्येक ठिकाणी पेट्या कपाटाबाहेर आल्याच नाहीत. शिक्षकांना दोष देणे सोपे आहे. परंतु वापरले तर फुटेल आणि फुटले तर भरून द्यावे लागेल, असा नियम असेल, तर शहाणा माणूस वापरणारच नाही. एका शाळेत मी कोरी करकरीत प्रकाशिकी पेटी पाहिली. ती अकरा वर्षे सांभाळून ठेवल्याबद्दल संबंधित सरांना शाबासकी मिळाली होती.

याच्या अगदी उलट वाट मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात धरली गेली. १९७२ साली १६ माध्यमिक शाळांपासून तेथे एक विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. 'किशोर भारती' आणि रसूलिया येथील 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या संस्थांनी तो सुरू केला, टाटा संस्थेतील व दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञ सुट्ट्यांमध्ये तेथे जाऊन शिक्षकांबरोबर प्रयोग करीत, आणि १९८२ पासून 'एकलव्य' या संस्थेने तो सांभाळला. मुले चारचारांच्या गटात स्वतः प्रयोग करीत. साहित्य स्वस्त असे आणि फुटणे-संपणे गृहीत धरून ते पुन्हा भरून देण्याची व्यवस्था असे. शिक्षकांची दर महिन्याला बैठक होई, तीत प्रयोग कोठे फसला यावर चर्चा चाले. परीक्षेला पुस्तक उघडून बसण्याची मुभा होती! पुढे पाचशेहून अधिक शाळांत हे काम पसरले. २००२ मध्ये राज्य सरकारने ते बंद केले. तीस वर्षे चाललेली गोष्ट एका आदेशाने थांबू शकते, हेही धोरणाचे एक रूप आहे, आणि मला ते अजून पटलेले नाही.

महाविद्यालये आणि विद्यापीठे यांच्यासाठी काय? येथे पैसा तुलनेने बरा येऊ लागला आहे. २०२३ मध्ये अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला. २०२४ च्या अखेरीस संशोधनपत्रिकांच्या एकत्रित वर्गणीची ६००० कोटी रुपयांची तीन वर्षांची योजना मंजूर झाली. तिच्यामुळे लहान गावातील सरकारी महाविद्यालयातही आता हजारो परदेशी पत्रिका वाचता येतात. मी विद्यार्थी असताना एका शोधनिबंधासाठी मुंबईला खेप घालावी लागे, त्यामुळे या योजनेची किंमत मला चांगली कळते. पण निबंध वाचून झाल्यावर त्यातला प्रयोग करून पाहायचा तर? ते उपकरण आणायला अनुदान मिळेल, आणि तीन वर्षांनी त्याचा एक भाग जळाला की अनुदानाची मुदत संपलेली असेल. देशाच्या एकूण उत्पन्नातून संशोधनावर होणारा खर्च २०२०-२१ मध्ये ०.६४ टक्के होता. तो वाढला पाहिजे, हे सगळेच म्हणतात आणि मीही म्हणतो. पण वाढीव पैशातून पुन्हा नुसती खोकीच आली तर उपयोग नाही.

सगळे काही देशातच, हातानेच बनवा, असा माझा हट्ट नाही. मोजपट्टी, काचेची नळी, साधा मीटर खुशाल बाजारातून घ्यावा. अंबाल्याच्या कारखान्यांतून ही उपकरणे देशभरच्या प्रयोगशाळांत जातात आणि ती ठीक असतात. प्रश्न आहे तो आत काय चालले आहे हे विद्यार्थ्याला दिसण्याचा. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात २००४-०५ च्या सुमारास 'फिनिक्स' नावाचा प्रकल्प सुरू झाला. त्यातून 'एक्सपआइज' हे हातात मावणारे यंत्र निघाले. ते संगणकाला जोडले की विद्युतदाब, काल, वारंवारता मोजता येते. म्हणजे दोलकाचा आवर्तकाल किंवा धारित्राचे विसर्जन थेट पडद्यावर पाहता येते. याचा आराखडा आणि आज्ञावली दोन्ही सर्वांसाठी खुली आहेत. बिघडले तर नकाशा समोर ठेवून, डाग देण्याची हातोटी असलेला कोणीही ते दुरुस्त करू शकतो. सरकारने शाळा-महाविद्यालयांसाठी खरेदी करताना 'आराखडा खुला हवा' एवढी एकच अट घातली, तरी पुष्कळ साधेल असे मला वाटते.

आज शाळांमधून अटल टिंकरिंग प्रयोगशाळा निघाल्या आहेत. अशा सुमारे दहा हजार झाल्या, आणि आणखी ५०,००० काढण्याची घोषणा २०२५ च्या अंदाजपत्रकात झाली. एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान, त्यातील निम्मे उभारणीसाठी आणि निम्मे पाच वर्षे ती चालवण्यासाठी. चालवण्यासाठी निम्मे राखून ठेवले, ही या योजनेतील शहाणपणाची गोष्ट आहे आणि तिचे कौतुक केले पाहिजे. सहाव्या वर्षी काय, हे मात्र आताच ठरवावे. तालुक्यातल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रॉनिक्सची मुले शिकत असतात. त्यांना सरावासाठी बिघडलेली यंत्रे हवीच असतात. शाळांकडे बिघडलेल्या यंत्रांचा तोटा नाही! या दोघांची गाठ घालून द्यायला नवे खाते नको, नवा कायदा नको. एक परिपत्रक पुरे. आणि त्याच परिपत्रकात एक ओळ घालावी: प्रयोग करताना फुटलेल्या वस्तूची भरपाई शिक्षकाकडून घेऊ नये.

दरम्यान, परिपत्रकाची वाट न पाहता तुम्ही एक करू शकता. सरांची परवानगी घेऊन प्रयोगशाळेचे कपाट उघडा. चालू, बंद आणि माहीत नाही अशा तीन रकान्यांत आतल्या वस्तूंची यादी करा. तिसरा रकाना सर्वांत मोठा निघेल असा माझा अंदाज आहे. बंद असलेल्यांपैकी जे बॅटरीवर चालते ते प्रथम घ्या. घरातल्या विजेवर चालणारे काहीही जाणत्याशिवाय उघडू नका. बॅटरी बसते तेथील पत्र्याच्या टोकांवर हिरवट-पांढरा थर आहे काय ते बघा. असेल तर बारीक पॉलिश पेपरने ते घासून काढा, नवे सेल घाला, तारांची टोके खरवडून स्क्रू घट्ट आवळा. मग बटण दाबा. किती यंत्रे चालू झाली, ती संख्या शाळेच्या नावासह या मासिकाकडे कळवा. आणि न झालेल्यांची यादी घेऊन जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जा.